आधी दुकान उघडलंय का ते बघ

परवा भाच्याचा हा एवढा मोठा मेसेज आला. पुण्यात अर्थशास्त्रात एमए करून आता एका परदेशी संस्थेत लागतोय, आणि पोस्टिंग अशा देशात जिथे आपसातली लढाई संपून तीनेक वर्षं झालीत. प्रश्न थोडक्यात असा: "मामा, मोझांबिकच्या काजूबद्दल वाचतोय. एकजण लिहितो वर्ल्ड बँकेने तिथला काजू उद्योग बुडवला, दुसरा लिहितो निर्यात खुली केल्याने शेतकऱ्याचं भलं झालं. तू तिथे होतास, खरं काय? आणि अशा देशात सुरुवात कशाने करायची, रस्ते, कारखाने की शेती?" फोनवर मावणारं नव्हतं म्हणून बसून लिहिलं.

अरे बाबू, पहिलं म्हणजे मी काही अर्थतज्ज्ञ नाही. वेंगुर्ल्यात आबांची छोटी काजू फॅक्टरी, एक बॉयलर, बारा कटिंग मशिनी आणि पंधरा-वीस बायका, त्यात वाढलो. २००३ साली एका प्रोजेक्टवाल्यांना असा माणूस पाहिजे होता जो आफ्रिकेतल्या बायकांना पायाच्या मशिनीवर बी फोडायला शिकवेल, अख्खा गर बाहेर काढून. गेलो उत्तर मोझांबिकला, नाम्पुला प्रांतात, सहा महिन्यांसाठी म्हणून, आणि राहिलो पाच वर्षं. नंतर २०१४ ते २०१७ आयव्हरी कोस्ट. म्हणजे दोन देश, दोन लढाया आणि एकच पीक. मी जे सांगेन ते काजूच्या गोणीवर बसून दिसलेलं आहे, तुझ्या पुस्तकात बसेल तितकं बसव.

पहिल्या आठवड्यात मला एक बंद फॅक्टरी दाखवायला नेलं. वॉचमनने कुलूप उघडलं तर आत आपल्या एसटी डेपोएवढी शेड, परदेशातून आणलेल्या अवजड मशिनी गंजून एकमेकींना चिकटलेल्या, भिंतीवर पोर्तुगीजमध्ये शिफ्टच्या वेळा अजून तशाच. बाहेर झाडाखाली एक बाई उकडलेला कसावा, म्हणजे रताळ्यासारखा एक कंद, विकत होती, तिने विचारलं फॅक्टरी परत सुरू करणार का. सतरा वर्षं ग्रेडिंगला होती ती. मी खिशातून आपल्याकडचे चार गर काढून तिच्या हातावर ठेवले, तर बघताक्षणी म्हणाली हे २४०, हा ३२० (एका पौंडात किती गर बसतात त्यावरून हे नंबर), आणि हा स्कॉर्च्ड, म्हणजे करपलेला, याला वेगळा काढ. बरोबर होतं. एवढं कसब आणि विकत होती कसावा.

आता मागचं थोडं. काजू आपल्याकडे आणि तिकडे, दोन्हीकडे ब्राझीलहून आणला पोर्तुगीजांनीच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगातला सगळ्यात मोठा काजू पिकवणारा देश होता, वर्षाला दोन लाख टनांच्या वर बी. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, १९७७ पासून फ्रेलिमो पक्षाचं सरकार आणि रेनामो हे बंडखोर यांच्यात लढाई जुंपली, ती १९९२ पर्यंत. ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये करार झाला. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली असं धरतात, त्यात भुकेने गेलेलीच जास्त, आणि लाखो लोक घरदार सोडून मलावीत नाहीतर शहरांत. काजूचा आकडा काही वर्षी तीस हजार टनांच्याही खाली गेला होता.

पण एक गोष्ट माझ्या आईच्या पटकन लक्षात आली जी मोठमोठ्या रिपोर्टांत तिसाव्या पानावर असते. मी सुट्टीवर आलेलो, तिला हे सांगत होतो, ती म्हणाली, "लढाई माणसांची, झाडाक काय म्हायत? झाडां तर होतीच मां?" होती ना! झाडं म्हातारी झालेली, भुरी पडलेली, पण उभी होती. बी गळत होती. मग बाजारात का येत नव्हती?

कारण दुकान गेलं होतं. पोर्तुगीजांच्या काळात खेडोपाडी कांतिना असायच्या, म्हणजे आपल्या वाडीवरच्या किराणा दुकानासारखं, फक्त तो दुकानदार काजूही विकत घ्यायचा. शेतकरी डोक्यावर बी घेऊन जायचा आणि येताना कापड, साबण, मीठ, कुदळ घेऊन यायचा. हे दुकानदार बरेचसे पोर्तुगीज, काही आपले गुजराती. १९७५ नंतर पोर्तुगीज धडाधड निघून गेले, सरकारने स्वतःची दुकानं काढली ती चालली नाहीत, उरलेली लढाईत जळाली. मग झालं असं की काजू विकून हातात नोटा आल्या तरी त्या नोटांचं करणार काय, साबणच मिळत नाही. तिथल्या माखुवा लोकांतली एक म्हातारी मला म्हणाली होती की त्या वर्षांत आम्ही बी गोळा करायचीच सोडून दिली, बोंडूची दारू तेवढी काढायचो. सरकारी भाषेत याला उत्पादन घटलं म्हणतात.

तर माझं उत्तर इथेच आहे, बाकी सगळा त्याचा पसारा. रस्ते का कारखाने का शेती, हा प्रश्नच मला जरा उलटा वाटतो. लढाईत पूल तुटतो तो दिसतो, फोटो निघतो. पण घेणारा आणि विकणारा यांच्या मधली जी साखळी असते, उधारी, वजनावरचा विश्वास, ठरलेल्या वारी ठरलेला टेम्पो, ती तुटलेली दिसत नाही, आणि तिच्यासाठी फंडही मागता येत नाही. पॉलिसी करणारे मात्र ती साखळी जागेवर आहे असं धरूनच गणित मांडतात. मोझांबिकच्या काजूचं नेमकं हेच झालं.

सरकारने कच्च्या बियांची निर्यात १९७८ मध्ये बंदच केलेली, नव्वदच्या सुरुवातीला थोडी उघडली पण वर कर ठेवला. लढाई संपली, सरकारी फॅक्टऱ्या १९९४-९५ च्या सुमारास खाजगी लोकांना विकल्या. आणि त्याच सुमारास, १९९५ मध्ये, वर्ल्ड बँकेने कर्जाच्या अटीत घातलं की कच्च्या बियांवरचा निर्यात कर कमी करत न्या. ज्यांनी आत्ताच फॅक्टऱ्या घेतल्या होत्या ते बोंबलले की आम्हाला विकताना असं नव्हतं सांगितलं. कर २० वरून १४ टक्क्यांवर आला. बँकेचं लॉजिक अगदीच चुकीचं नव्हतं हां, ते मान्य करायला हवं. त्या अवाढव्य मशिनी गर फार फोडायच्या, आपल्याकडच्या बाया हाताने जेवढे अख्खे काढतात त्याच्या जवळपासही नाही, आणि अशा फॅक्टऱ्या जगवायच्या म्हणून लाखो गरीब शेतकऱ्यांनी कमी भाव का घ्यावा? बंदरावर भाव वाढला की शेतकऱ्याला जास्त मिळेल, असा सरळ हिशोब.

आणि घेणारे कोण, तर आपणच. तिकडची बी येते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आपली मार्च ते मे. म्हणजे आपल्याकडचे कारखाने ज्या वेळी रिकामे असतात नेमकी त्या वेळी. कोल्लम, मंगळूर आणि थोडं आपल्या इथलं पोट त्या बियांवर भरत होतं. आबांच्या गोडाऊनमध्येही एका वर्षी आफ्रिकन गोणी होत्या, मी स्वतः उतरवल्यात. तिकडे कुलूप लागतंय हे तेव्हा कोणाला ठाऊक.

२००१ पर्यंत तिथल्या दहा-अकरा हजार कामगारांपैकी जवळजवळ नव्वद टक्के घरी बसले. आणि शेतकऱ्याला काय मिळालं? मॅकमिलन, रॉड्रिक आणि वेल्च या तिघा अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशोब काढला, तर काजूवाल्या घरामागे वर्षाला सरासरी पाच डॉलर आणि वर तीस सेंट. बस्स. बंदरावरचा भाव वाढला तो मधल्या मधे विरला. का विरला ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काजूच्या धंद्यात बियांची किंमत आउटटर्नवर ठरते, आबांनी तुलाही कधीतरी दाखवलं असेल. एक किलो बी घ्यायची, तिकडची बारीक म्हणून दोनशेच्या आसपास भरते, एकेक कात्रीने उभी कापायची, चांगला गर एकीकडे, किडका-काळा दुसरीकडे, चांगला वजन करायचा, ग्रॅममधला आकडा ०.१७६ ने गुणला की ८० किलोच्या गोणीत किती पौंड गर निघेल ते येतं. पावणेदोनशे-दोनशे कट, पाऊण तासाचं काम. मी गावात आंब्याखाली बसून हे करायला लागलो तर सगळा गाव जमला, आणि २७० ग्रॅम आलं, म्हणजे ४७-४८ पौंड, फार चांगला माल. तिथला एकमेव व्यापारी आजवर त्यांना सांगत आला होता की तुमचा माल हलका. तो वजनसुद्धा करायचा नाही, डब्याने मापायचा, आणि डबा त्याचा. चाळीस किलोमीटरमध्ये दुसरा कोणी येत नाही, पावसाळ्यात रस्ता बंद, घरात मीठ संपलंय, मग काय करणार? त्याने द्यायचं आणि यांनी घ्यायचं. नाकालाच्या बंदरावर भाव वर गेला का खाली, या माणसांना त्याचा पत्ताच नाही.

व्यापाऱ्यालाही मी फार शिव्या देणार नाही. त्याचा ट्रक जुना, सुटे भाग मिळत नाहीत, बँक कर्ज देत नाही, आणि पुन्हा लढाई लागली तर सगळं जाणार म्हणून तो एका सीझनमध्ये वसूल करायला बघायचा. मला तो सरळ म्हणाला होता, तू इथे दुसरा ट्रक आण, मी भाव वाढवतो. आणि खरंच पुढच्या वर्षी आमच्या छोट्या फॅक्टरीने वजनकाटा लावून खरेदी सुरू केली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याचा भाव वाढला. कुठला कर नाही, कायदा नाही, फक्त दुसरा काटा.

म्हणून तुझे ते दोघे लेखक अर्धे अर्धे बरोबर आहेत. बँकेने बुडवलं हे अर्धं, कारण फॅक्टऱ्या आधीच आजारी होत्या आणि झाडं म्हातारी. भलं झालं हे त्याहून कमी खरं. आणि यात अजून एक गंमत, १९९९ मध्ये तिथल्या संसदेने कर परत १८ ते २२ टक्क्यांवर नेला. म्हणजे चार वर्षांत खाली आणि वर. ज्याला नवीन झाड लावायचंय त्याने यातून काय समजायचं? कलम लावलं तरी धरायला तीन-चार वर्षं जातात.

आपल्याकडे १९९० ची रोजगार हमीतली फळबाग योजना आठव. म्हणजे तुला नाही आठवणार, आईला विचार. आज सिंधुदुर्गात कातळावर एवढा काजू-आंबा दिसतो तो बराचसा त्यातला. खड्डे, रोपं, खत यांचे पैसे सरकारने दिले पण एकदम नाही, तीन वर्षांत, आणि रोपं जगलेली दिसली तर पुढचा हप्ता. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची कलमं होतीच, वेंगुर्ला ४, आणि नंतर वेंगुर्ला ७. लोकांनी लावली कारण एक तर वाट बघायच्या वर्षांत थोडा आधार होता आणि दुसरं म्हणजे जमीन कोणी काढून घेणार नाही हे माहीत होतं. आता आपल्या सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात आणि त्यातली दहा मुंबईत, पाच वर गेलेली, ते सोड.

जमिनीच्या बाबतीत मात्र मोझांबिकने एक काम फार शहाणपणाचं केलं. १९९७ चा जमीन कायदा. जमीन सरकारचीच राहिली, पण गावाच्या रीतीप्रमाणे जो कसतोय, किंवा दहा वर्षं प्रामाणिकपणे जो वापरतोय, त्याचा हक्क मानला, आणि कागद नसला तरी शेजाऱ्यांची तोंडी साक्ष चालते असं लिहिलं. मलावीतून परत आलेल्या माणसाकडे कुठला कागद असणार? अंमलबजावणीत भानगडी खूप झाल्या, मोठ्या कंपन्यांनी जमिनी लाटल्याही, पण निदान परत आलेल्याला आपल्या झाडाखाली उभं राहून हे माझं म्हणता आलं.

दुसरं चांगलं काम सैनिकांचं. दोन्ही बाजूंचे मिळून नव्वद हजारांच्या आसपास लोक बंदूक ठेवून घरी गेले. त्यांना एकरकमी काही दिलं नाही. दोन वर्षं थोडे थोडे पैसे, पहिले सहा महिने सरकारकडून आणि पुढचे अठरा महिने बाहेरच्या मदतीतून, आणि ते घ्यायचे कुठे तर ज्याने जो जिल्हा राहायला निवडला तिथल्या बँकेत. तेव्हा यावर टीका झाली की हे फुकट वाटप, धंदा शिकवा त्यांना. पण गावाकडून बघ. ज्या गावात कोणाकडेच रोख नाही तिथे दर दोन महिन्यांनी पंधरा-वीस पोरांच्या हातात पैसे येतात, मग कोणीतरी शहरातून साबण-साखर-काडेपेटी आणून टपरी टाकतो. मी ज्याच्याकडे चहा प्यायचो त्याचं दुकान असंच सुरू झालेलं, तो स्वतः माजी सैनिक, कुठल्या बाजूचा ते मी कधी विचारलं नाही. आपल्याकडे मुंबईहून मनिऑर्डर यायची आणि वाडीवरचं दुकान चालायचं, तसंच.

आयव्हरी कोस्टमध्ये याच्या नेमकं उलट घडलं, आणि तेव्हा मी तिथल्या बुआके शहरातच अडकलो होतो. तिथे २००२ मध्ये देश उभा दुभंगला, उत्तर बंडखोरांकडे आणि दक्षिण सरकारकडे, २०१० च्या निवडणुकीनंतर परत पेटलं आणि २०११ मध्ये थांबलं. काजू पिकतो तो उत्तर आणि मध्य भागात, म्हणजे बराचसा बंडखोरांच्या पट्ट्यात, आणि त्यांनी तर स्वतःचं वसुली खातंच काढलं होतं, प्रत्येक ट्रकमागे पैसे. लढाई संपल्यावर त्यांच्यातले बरेचसे सरकारी फौजेत घेतले. २०१७ च्या जानेवारीत आणि परत मे महिन्यात त्यांनी बंड केलं, कबूल केलेले पैसे द्या म्हणून. मे म्हणजे ऐन काजूचा सीझन. शहराचे रस्ते अडवले, गोळ्या झाडत फिरत होते, माझे बियांचे सात ट्रक बाहेर उभे, वरून पाऊस, ताडपत्री फाटकी. बी भिजली की गर काळा पडतो, सात ट्रकमधले दोन मी मातीमोल विकले. शेवटी सरकारने ८,४०० सैनिकांना प्रत्येकी एक कोटी वीस लाख सीएफए फ्रँक (तिथलं चलन) कबूल केले, वीस हजार डॉलरच्या आसपास. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोकोच्या शेतकऱ्याचा ठरलेला भाव किलोला ११०० वरून ७०० फ्रँकवर आणला होता, बाहेर बाजार पडला म्हणून. माझ्या ड्रायव्हरचा भाऊ कोकोवाला. तो म्हणाला, आमच्याकडे बंदूक नाही ना म्हणून. यावर मी काय बोलणार!

पण काजूत त्यांनी एक गोष्ट बरी केली. २०१३ पासून कापूस आणि काजूसाठी एक सरकारी मंडळ नेमलं आणि दर सीझनला शेतावरचा किमान भाव जाहीर करायला लागले, रेडिओवर, स्थानिक भाषांतही. तुला वाटेल की मी आता म्हणणार मग सगळ्यांना तो भाव मिळाला. छे. पहिल्या महिन्यात पुष्कळ जण त्याच्या खालीच विकतात, शाळेची फी, औषधपाणी. पण म्हातारा शेतकरी जेव्हा व्यापाऱ्याला म्हणतो की रेडिओवर अमुक सांगितलंय, तेव्हा बोलणी कुठून सुरू होते ते बदलतं. शिवाय गावात तीन-चार घेणारे फिरत होते, व्हिएतनामचे, आपले, लेबनीज. आज तो देश काजू पिकवण्यात जगात पहिला आहे. आणि कारखाने? त्यांनी घाई केली नाही, आधी बी वाढू दिली, मग देशातच गर काढणाऱ्याला अनुदान देऊन हळूहळू वाढवले. मोझांबिकने आधी कारखाने धरून ठेवले आणि मग एका झटक्यात सोडले.

मोठ्या प्रोजेक्टबद्दल तू विचारशीलच. मोझांबिकची राजधानी मापुतो, तिच्याजवळ मोझाल नावाचा ॲल्युमिनियमचा कारखाना २००० मध्ये सुरू झाला, शंभर कोटी डॉलरच्या वर गुंतवणूक, निर्यातीचा आकडा एकदम फुगला, देशाची वाढ सात-आठ टक्के म्हणून जगभर कौतुक, आणि कायम नोकऱ्या हजाराच्या आसपास. नाम्पुलाच्या त्या ग्रेडिंगवाल्या बाईला त्यातलं काही पोचलं नाही. मग टूना मासेमारीची कंपनी. २०१३ मध्ये सरकारच्या हमीवर ८५ कोटी डॉलर उचलले, दोन डझन मासेमारीच्या बोटी घेतल्या, आणखी दोन कंपन्यांची कर्जं तर लपवूनच ठेवली, सगळं मिळून दोनशे कोटी डॉलरच्या घरात. मालवण-देवगडच्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारलं असतंस तर त्याने आधी विचारलं असतं बर्फ कुठे, डिझेल कुठे, मासा उतरवणार कुठे आणि खलाशी कुठून आणणार. बोटी मापुतोच्या धक्क्याला उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये लपवलेलं बाहेर आलं, नाणेनिधी आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडले, आणि २०१७ च्या जानेवारीत देशाने हप्ता चुकवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तरेला काबो देल्गादो प्रांतात नवीन बंड सुरू झालं, जिथे समुद्रात गॅस सापडलाय आणि जमिनीत माणकं. हे त्या कर्जामुळे झालं असं नाही म्हणत मी, कारणं बरीच आहेत. पण तिथली पोरं वर्षानुवर्षं ऐकत होती की आपला प्रांत श्रीमंत होणार, आणि गावात दुकान तेच, एकच.

रस्ते नकोत असं माझं म्हणणं नाही, उलट गोडाऊनपासून गावापर्यंतचा शेवटचा वीस किलोमीटरचा मातीचा रस्ता मी हायवेच्या आधी करीन, आणि भूसुरुंग काढल्याशिवाय तर काहीच नाही. मोझांबिकला ते संपवायला २०१५ उजाडलं. तोवर कितीतरी झाडांखालची बी कोणी उचलायला जात नसे.

आता तुझ्यापुरतं. ऑफिसात पहिले पंधरा दिवस तुला प्रेझेंटेशन दाखवतील, बघ, मान डोलाव. पण पहिल्या रविवारी कोणातरी ड्रायव्हरला पटवून राजधानीपासून तीन तास लांबच्या आठवडी बाजारात जा. साबणाची वडी केवढ्याला ते विचार आणि शहरातल्या भावाशी ताडून बघ. तिथलं जे मुख्य पीक असेल ते घेणारे किती, वजन काट्यावर करतात का डब्याने, आणि डबा कोणाचा. बायका काय विकताहेत, आणि त्यांच्यातली एखादी आधी दुसरंच काही करत होती का. वही काढू नकोस, वही दिसली की लोक मदत मागण्याच्या भाषेत बोलायला लागतात. आणि काजू असेल तिथे तर माझी कात्री घेऊन जा, पत्र्याच्या पेटीत आहे, चेक इन बॅगेत टाक नाहीतर एअरपोर्टवर काढून घेतील. बी इकडे आणायच्या भानगडीत पडू नकोस, तिथेच दोनशे कापून आकडा पाठव, मग बोलू.